कॉम्प्रेसर ठणठणीत, फ्रिज बंद: वॉरंटी संपल्यानंतरचं एक प्रकरण

काकांनी प्लास्टिकची पिशवी टेबलावर उलटी केली. बिल, वॉरंटी कार्ड, दोन जॉबशीट (दुरुस्तीला आलेला माणूस लिहून देतो तो कागद), यूपीआय पेमेंटच्या स्क्रीनशॉटची प्रिंट आणि का कोण जाणे, सिलिंडरच्या जुन्या पावत्या बाहेर पडल्या. "यात काही होतंय का बघ," ते म्हणाले. "नसेल तर सोड. नवीन घेऊन टाकतो."

हे काका नाशिकच्या सिडकोत आमच्या मागच्या गल्लीत राहतात. अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले. मी वकील नाही. कॅनडा कॉर्नरला एका कर सल्लागाराकडे नोकरी करतो आणि ओळखीपाळखीच्यांचे तक्रारअर्ज लिहून देतो. काकांच्या परवानगीने हे प्रकरण इथे मांडतो आहे. कंपनी, दुकान, सर्व्हिस सेंटर यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. मला कुणाची बदनामी करायची नाही, आणि शेवटी समझोता झाला तेव्हा तसं ठरलंही होतं.

काय घडलं

१५ ऑक्टोबर २०२१, दसरा. काकांनी शहरातल्या एका दुकानातून डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री फ्रिज घेतला, ३१,९०० रुपयांना. दरवाज्यावर चकचकीत स्टिकर होता: मोठ्ठा आकडा १०, खाली 'वर्षं वॉरंटी', आणि त्याच्याही खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत 'कॉम्प्रेसरवर'. कार्डावर सविस्तर होतं. संपूर्ण फ्रिजला १ वर्ष, कॉम्प्रेसरला १० वर्षं. त्या १० वर्षांत गॅस, कॉइल, मजुरी यांचा खर्च ग्राहकाचा.

पहिली तक्रार आली ती नेमकी गौरींच्या दिवसांत. ३ सप्टेंबर २०२२ ला आवाहन, आणि फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध फाटलेलं. फोन आवाहनाच्या दिवशी केला, माणूस आला विसर्जनाच्या दिवशी, ५ तारखेला. वॉरंटी अजून महिनाभर शिल्लक होती, त्यामुळे पैसे घेतले नाहीत. जॉबशीटवर इंग्रजीत दोन ओळी खरडल्या होत्या: कूलिंग कमी, गॅस चार्ज केला, ठीक. खाली काकांची सही. काकांना तेव्हा त्या कागदाची काही किंमत वाटली नव्हती. टूलरूमच्या सवयीने ठेवला, एवढंच.

फ्रिज पंधरा महिने चालला. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तोच प्रकार. खालचा कप्पा कोमट, वर बर्फ नाही. पुन्हा गॅस भरला, या वेळी २,८०० रुपये घेऊन. सर्व्हिस सेंटरच्या पावतीवर ३० दिवसांची हमी छापलेली. नाशिकची थंडी होती, फ्रिजवर ताण नव्हता, म्हणून तो रेटत राहिला. एप्रिल २०२४ च्या उन्हात मात्र त्याने मान टाकली. दिंडोरीच्या व्याह्यांकडून आलेली द्राक्षं दोन दिवसांत आंबली, आणि काकू त्या दिवसापासून फ्रिजला 'कपाट' म्हणायला लागल्या.

तिसऱ्यांदा आलेल्या मुलाने मागचा पत्रा काढला, बाजूच्या भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "काका, बॉडी लीक आहे. इनबिल्ट कंडेन्सर. रिपेअर होत नाही."

"पण कॉम्प्रेसरला तर दहा वर्षं वॉरंटी आहे."

"कॉम्प्रेसर चांगलाय ना पण! तो गेला असता तर बदलून दिला असता."

कॉम्प्रेसर ठणठणीत आहे म्हणून वॉरंटी लागू नाही. कंपनीने देऊ केलं ते नवीन फ्रिजवर २० टक्के सवलत. सणासुदीला दुकानदार आपण होऊन देतो त्याहून फार वेगळं नाही.

गॅस संपत नसतो

मी सुरुवातीला काकांना फारशी आशा दाखवली नव्हती. वॉरंटी संपून दीड वर्ष झालेलं, कार्डावर गॅस आणि कॉइल वगळलेले. माझं मत फिरलं ते काकांच्याच एका वाक्याने. जॉबशीट वाचत असताना ते म्हणाले, "गॅस काय पेट्रोल आहे का, वापरला की संपायला?"

फ्रिजमधली गॅसची यंत्रणा सीलबंद असते. गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर, उष्णता बाहेर टाकणारी कंडेन्सरची नळी, फिल्टर, केसासारखी बारीक कॅपिलरी आणि आतली कूलिंग कॉइल अशी एक बंद माळ. त्यातून तोच गॅस फिरत राहतो. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तोही शंभर ग्रॅमच्या आत. माळ शाबूत असेल तर हा गॅस वीस वर्षंसुद्धा पुरतो. आपल्या आजीच्या घरचे जुने फ्रिज आठवा, त्यांत कुणी कधी गॅस भरला होता? म्हणजे गॅस कमी झाला याचा अर्थ एकच: कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता नुसती हवा भरणं.

आता ही गोष्ट पहिल्या जॉबशीटला लावून बघा. ५ सप्टेंबर २०२२ ला, वॉरंटीच्या आत, कंपनीच्याच माणसाने लिहून दिलं होतं की कूलिंग कमी होतं आणि गॅस भरला. म्हणजे गळती त्या दिवशी होती. दोष वॉरंटीत उघडा पडला, आणि दुरुस्त झाला नाही. नंतरचे दोन बिघाड नवीन नव्हते, तोच जुना दोष पुन्हा वर आला होता. आमचं सगळं प्रकरण या एका कार्बन कॉपीवर उभं राहिलं.

जुन्या फ्रिजला मागे काळी जाळी असायची. तोच कंडेन्सर. त्याला भोक पडलं तर दिसायचं, झाळता यायचं. आता भिंतीला चिकटून फ्रिज नीट दिसावा म्हणून ती नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत, फोममध्ये गाडलेली असते. एक वेटोळं दरवाज्याच्या चौकटीभोवती फिरतं, तिथे दव साचू नये म्हणून. फोममध्ये ओल शिरली की लोखंडी नळी आतल्या आत गंजते आणि ते कुणाला दिसत नाही. बाजारातले कारागीर जुनी नळी बाद करून मागे नवी जाळी लावून देतात, आणि तसे फ्रिज चालतातही. 'रिपेअर होत नाही' याचा खरा अर्थ 'आम्ही करत नाही' असाच असतो.

कायद्यात 'वॉरंटी' कुठे आहे?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने १९८६ च्या कायद्याची जागा घेतली. त्यातली 'दोष' या शब्दाची व्याख्या, कलम २(१०), मी काकांना दोनदा वाचून दाखवली. वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा मानक यांत कुठलीही उणीव, मग तो दर्जा कायद्याने राखायचा असो, उघड किंवा गर्भित करारानुसार असो, की विक्रेत्याने केलेल्या दाव्यानुसार असो. या व्याख्येत वॉरंटीची मुदत कुठेच नाही. वॉरंटी म्हणजे कंपनीने आपण होऊन दिलेला शब्द, अमुक काळ विनाप्रश्न दुरुस्त करून देऊ असा. ती संपली की विनाप्रश्न दुरुस्ती संपते. त्यानंतर दोष सिद्ध करण्याचं ओझं आपल्या डोक्यावर येतं, पण दाद मागण्याचा दरवाजा बंद होत नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम १६ सुद्धा विकलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे अशी गर्भित अट धरतं.

हे वाचून लगेच हुरळून जाऊ नये. मुदत संपल्यावर मोडलेली प्रत्येक वस्तू 'दोषपूर्ण' नसते. गेल्याच वर्षी इंदिरानगरच्या एका ताईंचा टीव्ही सोळाव्या महिन्यात गेला. वॉरंटीत एकही तक्रार नाही, आदल्या रात्री विजांचा कडकडाट, आणि कारागिराने दाखवलेला पॉवर बोर्ड काळा पडलेला. त्यांनाही जिल्हा ग्राहक आयोगात जायचं होतं. मी म्हटलं, ताई, महात्मा गांधी रोडला बोर्ड बदलून घ्या, त्यात तुमचे पैसे आणि रक्त दोन्ही वाचेल. वीज पडली हे कंपनीच्या माथी कसं मारणार? दोष मुळात होता हे दाखवायला एकतर वॉरंटीतली नोंद हवी, किंवा बिघाडाचं स्वरूपच असं हवं की तो वापराने होऊच शकत नाही. काकांकडे दोन्ही होतं. ताईंकडे दोन्ही नव्हतं.

मुदतीची गोष्ट वेगळीच. कलम ६९ प्रमाणे तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवावं लागतं. आता कारण कधी घडलं? आपण म्हणणार, एप्रिल २०२४ मध्ये, दुरुस्तीला नकार मिळाला तेव्हा. कंपनीचे वकील म्हणणार, दोष सप्टेंबर २०२२ मध्ये कळला असं तुम्हीच म्हणता ना, मग तिथून मोजा. आमचा सगळा युक्तिवाद पहिल्या जॉबशीटवर असल्याने हा धोका खरा होता. म्हणून मी काकांना सांगितलं, ४ सप्टेंबर २०२४ च्या आत दाखल करायचं, म्हणजे हा वादच उरत नाही. काकांना गणपती-दिवाळी झाल्यावर निवांत करायचं होतं. तसं केलं असतं तर पहिल्याच तारखेला मुदतीवर भांडण सुरू झालं असतं.

आणखी एक बाजू आम्ही लढवली, आणि माझ्या मते ती सर्वांत भक्कम होती. डिसेंबर २०२३ चे २,८०० रुपये. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही स्वतंत्र सेवा असते. तिला फ्रिजच्या वॉरंटीशी देणंघेणं नाही. गळती न तपासता गॅस भरला ही सेवेतली त्रुटी. पावतीवरची ३० दिवसांची हमी संपली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. वॉरंटी संपल्यावर लोक पैसे देऊन दुरुस्ती करतात आणि ती फसली की कपाळाला हात लावतात. त्या पावतीने आपल्याला नव्याने हक्क दिलेला असतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

दरवाज्यावरच्या स्टिकरवर मात्र मी फार भर दिला नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं ९ जून २०२२ ला आली. खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच अक्षरांत हवा, असं त्यांत आहे. पण आमचा फ्रिज त्याआधीचा. मूळ कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या होतीच, म्हणून स्टिकरचा फोटो जोडला आणि दोन ओळी लिहिल्या. सगळी भिस्त त्यावर ठेवली असती तर मुद्दा निसटला असता.

स्वयंपाकघरातली चाचणी

अशा प्रकरणांत कंपनीचं ठरलेलं उत्तर असतं: तज्ज्ञाचा अहवाल कुठे आहे? कलम ३८ मध्ये आयोगाला वस्तू प्रयोगशाळेत पाठवता येते. पण डबल डोअर फ्रिज प्रयोगशाळेत न्यायचा कुणी आणि ठेवायचा किती दिवस? त्याच कलमात तक्रार शपथपत्र आणि कागदोपत्री पुराव्यावर चालते असंही आहे. म्हणजे जाणकार माणसाचं शपथपत्र चालतं. काकांच्या ओळखीचे एक निवृत्त निदेशक होते, आयटीआयमध्ये फ्रिज दुरुस्तीच्याच ट्रेडला शिकवलेले.

त्यांनी येण्याआधी मी एक काम केलं. कंपनीला, दुकानाला आणि सर्व्हिस सेंटरला ईमेल केला: अमुक दिवशी, अमुक वाजता, आम्ही गळतीची चाचणी करणार आहोत, आपला इंजिनिअर पाठवावा. पंधरा दिवस आधी. कुणी आलं नाही, उत्तरही नाही. पण त्या ईमेलमुळे 'तुम्ही छेडछाड केली' असं म्हणण्याची सोय राहिली नाही.

मे महिन्याच्या एका दुपारी सर आले. दाब मोजायचे गेज, नायट्रोजनचं छोटं सिलिंडर, नळ्या झाळायचं सामान. आधी फ्रिजची पिन काढली, खिडक्या उघडल्या, शेगडी बंद करायला लावली, कारण आर६००ए ज्वलनशील. उरलासुरला गॅस नळीने खिडकीबाहेर सोडला. मग कंडेन्सरचा भाग आणि कूलिंग कॉइलचा भाग वेगळा केला, दोन्हीकडे कोरडा नायट्रोजन भरला आणि दोन्ही गेजच्या काचेवर काट्यासमोर मार्करने रेघ मारली. फोटो काढला, शेजारी त्या दिवसाचा पेपर ठेवून.

"आता उद्या सकाळपर्यंत हात लावू नका," सर म्हणाले.

काका रात्री तीनदा उठले. काकूंनीच सांगितलं मला. टॉर्च घेऊन जायचे, काटा बघायचे, येऊन पडायचे. सकाळी कूलिंग कॉइलचा काटा रेघेवर होता, तसूभर हललेला नव्हता. कंडेन्सरचा काटा शून्याला टेकायला आलेला. पुन्हा फोटो, पुन्हा पेपर. सरांनी फी घेतली दीड हजार. शपथपत्रात त्यांनी एक वाक्य लिहिलं ते मला फार आवडलं: व्होल्टेज कमीजास्त झाल्याने पीसीबी (सर्किट बोर्ड) किंवा कॉम्प्रेसर खराब होऊ शकतो, फोममधल्या नळीला भोक पडू शकत नाही. कंपनी व्होल्टेजचं कारण पुढे करणार हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

नोटीस ते तारीख

मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली होती. हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते, ती आदेश देऊ शकत नाही. उत्तर आलं, 'वॉरंटी कालावधी संपला असल्याने सवलत देऊ केली आहे', आणि तक्रार बंद. मला वाईट वाटलं नाही, उलट कंपनीचा नकार लेखी मिळाला. जूनमध्ये नोटीस पाठवली, पोचपावतीसह. कायद्याने ती सक्तीची नाही, पण आपण सरळ वागलो हे कागदावर दिसतं.

जुलै २०२४ मध्ये ग्राहक आयोगाच्या ई-दाखिल पोर्टलवर तक्रार दाखल केली. (१ जानेवारी २०२५ पासून हे काम ई-जागृतीवर चालतं.) ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख. वस्तू कुठेही घेतलेली असो, कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आमच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता, पण ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. काका स्वतः उभे राहिले.

सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते, तीन केले: कंपनी, दुकान आणि सर्व्हिस सेंटर. दुकानदाराला ओढायला काका तयार नव्हते. "तो बिचारा चांगला आहे रे." पण एकाला सोडलं की उरलेले त्याच्याकडे बोट दाखवतात.

मागणी काय करायची यावर आमची जरा वादावादी झाली. काकांच्या पुतण्याने सांगितलं होतं, दोन लाख मागा, पन्नास हजार तरी मिळतील. मी नाही म्हटलं. फ्रिजची किंमत ३१,९००, गॅसचे २,८००, त्रासाबद्दल १५,०००, खर्च ५,०००. बस. फुगवलेला आकडा वाचणाऱ्याच्या मनात पहिल्याच पानावर शंका पेरतो.

कंपनीची लेखी कैफियत, म्हणजे तक्रारीला उत्तर, मुदतीत आली. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस, फार तर आणखी १५. ही ४५ दिवसांची मर्यादा पक्की आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलं आहे. कैफियतीत अपेक्षित तेच सगळं होतं. वॉरंटी संपली, कॉम्प्रेसरमध्ये दोष नाही, स्टॅबिलायझर वापरला नाही, तज्ज्ञाचा अहवाल नाही. शेवटचं वाचून मला हसू आलं, कारण सरांचं शपथपत्र तक्रारीसोबतच जोडलेलं होतं. कैफियत बहुधा जुन्या एखाद्या प्रकरणातून उचललेली असावी. आणि एक ओळ होती: 'गॅस ही उपभोग्य बाब असल्याने'. काकांनी ती पेन्सिलीने अधोरेखित करून समासात 'पेट्रोल?' असं लिहिलं.

हिशेब

तिसऱ्या तारखेला कंपनीच्या वकिलांनी बाहेर बाकावर बोलणं काढलं. आधी १५ हजार, मग १८. काका निघायलाच लागले होते. मी त्यांना थांबवून कागदावर एक हिशेब मांडला, आणि हा हिशेब मला आजही न्याय्य वाटतो. काकांनी फ्रिज अडीच वर्षं वापरला, हे खरंच आहे. पूर्ण किंमत मागणं कायद्यात बसतं, पण वापरलेल्या काळाचं काहीतरी वजा व्हावं हे मला पटतं. मग आयुष्य किती धरायचं? कंपनीने स्वतः दरवाज्यावर १० छापलंय. अडीच वर्षं म्हणजे त्याचा चौथा हिस्सा. ३१,९०० तून ७,९७५ गेले, उरले २३,९२५. त्यांचाच आकडा त्यांच्यापुढे ठेवला. वकीलसाहेबांनी फोन लावला, जिन्यात जाऊन बराच वेळ बोलले, आणि परत येऊन म्हणाले, २४ हजार, सगळं मिळून, फ्रिज आमचा.

थांबावं का? आयोगाचा आदेश झाला असता तर कदाचित जास्त मिळाले असते. कदाचित कमीही. वॉरंटीच्या अटी कंपनी आणि ग्राहक दोघांनाही बांधतात असं म्हणणारे निकाल कंपनीच्या बाजूचे वकील नेहमी हातात घेऊन येतात, आणि आदेशावर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील होऊ शकतं. काकांचं वय ६८. ते म्हणाले, "मला केस जिंकायची नव्हती रे, गॅस संपत नाही एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचं होतं." ते काही कबूल झालं नाही. पुरसिसमध्ये, म्हणजे आयोगात द्यायच्या समझोत्याच्या लेखी निवेदनात, 'कोणतीही जबाबदारी मान्य न करता' असं लिहिलेलं असतंच. काकांनी तिथे पेन थांबवून माझ्याकडे बघितलं, मग सही केली.

पैसे खात्यात आल्यावर फ्रिज द्यायचा, असं ठरलं होतं. तोवर तो पुरावा म्हणून गॅलरीत उभा होता. भंगारवाला दोनदा विचारून गेला, काकूंनी दोनदा परत पाठवला. पैसे जमा झाल्याच्या चौथ्या दिवशी कंपनीचा टेम्पो आला. माणसाच्या हातात यादी होती: फ्रिज एक, काचेचे कप्पे तीन, बर्फाचे ट्रे दोन, भाजीचा ड्रॉवर एक. ड्रॉवर काही सापडेना. शेवटी काकू गच्चीवर गेल्या, त्यात लावलेली कोथिंबीर उपटली, माती कुंडीत ओतली, ड्रॉवर नळाखाली धुतला आणि ओलाच त्या माणसाच्या हातात दिला. त्याने यादीवर खूण केली.